दृष्टीला जपानी येत नाही

त्या दिवशी खोलीत कोण कोण होतं ते आधी सांगते. मी होते, पलंगाच्या कडेला, पायावर रजई घेऊन. माझी सून होती, दारापाशी इस्त्री करत. माझी नात होती, टेबलाशी, समोर फोन उभा करून. फोनमध्ये तिला जपानी शिकवणाऱ्या मॅडम होत्या, दिल्लीच्या, लई वर्षं जपानात राहून आलेल्या. आन् भिंतीवर माझा मुलगा होता, फौजेच्या कपड्यातला, हार घातलेला. त्याला हजर धरायचं का नाही ते तुम्ही ठरवा. मी धरते.

मी चौथीपर्यंत शिकले. ही वही नातीची आहे, जपानी अक्षरं गिरवायची, चौकोना-चौकोनाची. ती जपानला गेली आन् मागची पानं कोरी राहिली. मी एका चौकोनात एक अक्षर बसवते. त्यामुळं हळू होतं, पण मला कुठं जायचंय.

तर त्या दिवशी मॅडम नातीला म्हणल्या, "बेटा, तू सुगोई ऐसे बोल रही है जैसे मरीज का बीपी पढ़ रही हो."

सून इस्त्री धरून हसली. सुगोई म्हणजे केवढं भारी, असं. नात नर्स आहे. इथंच चंदीगडला, बत्तीस सेक्टरच्या कॉलेजात शिकली. तिला जपानात म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात काम मिळायचं होतं. लिहायची परीक्षा ती पास झाली होती. आता तिथले लोक फोनवर तिला बघणार, बोलणार, मग ठरवणार. मॅडमचं म्हणणं, भाषा हिची पक्की आहे, पण तिथं म्हातारं माणूस दोन घास जास्त जेवलं तरी कौतुक करावं लागतं. तेही तोंडदेखलं चालत नाही. आधी बघायचं, मग श्वास घ्यायचा, मग शब्द. काही नवीन कळलं तर "हेऽऽ" असं लांबवून म्हणायचं. सुंदर दिसलं तर किरेई. शेवटी हळूच "ने" लावायचं, आपण "नाही का" म्हणतो तसं. नातीला सगळं तोंडपाठ होतं. पण तिचा चेहरा हलत नव्हता.

"घर में कोई किसी की तारीफ नहीं करता क्या?" मॅडमनी विचारलं.

"मैम, हमारे यहाँ अलाउड नहीं है," नात म्हणली. "दादी का रूल है. नज़र लग जाती है."

सगळ्या हसल्या. मी नाही हसले, कारण खरं होतं.

ते का, ते सांगते. आम्ही साताऱ्याकडचे, कोरड्या भागातले. माझं पहिलं लेकरू मुलगा होता, गोरापान. बारशाला सगळ्या बाया जमल्या होत्या. मी सतरा वर्षांची, मला काय कळतंय. मी त्याला वर उचलला आन् म्हणलं, बघा माझा राजा कसा चंद्रासारखा दिसतोय. महिना झाला नाही तर तापानं गेला. सासू म्हणली, तुझीच लागली त्याला. दुसरी मुलगी झाली. तिला मी काही म्हणलं नाही, पण तिच्या बापानं तिच्या डोळ्यांचं कौतुक केलं. ती पण गेली.

तिसरा हा. हा झाल्या झाल्या त्याला उकिरड्यावर ठेवला आन् सासूनं टाकून दिलेला म्हणून परत उचलून आणला. नाव पण दगडाचं ठेवलं. रस्त्यावरच्या दगडाला कोण दृष्ट लावणार. तो तीन वर्षांचा असताना त्याचा बाप विहिरीच्या कामावर दरड पडून गेला. मग मी रस्त्याच्या कामावर खडी फोडली, पंधरा वर्षं. मुलगा जगला. मी मनात धरलं, की मी तोंड बंद ठेवलं म्हणून हा जगला. त्यानंतर मी त्याला एकदाही चांगलं म्हणले नाही. वर्गात पहिला आला, मी म्हणलं, जा पाणी भर. त्याला ठाऊक होतं मी का बोलत नाही. असं मला वाटायचं.

फौजेतली त्याची शेवटची बदली चंदीगडजवळ चंडीमंदिरला झाली, तेव्हा त्यानं मला क्वार्टरवर आणलं. पेन्शनीत निघाल्यावर मोहालीला एका कंपनीच्या गेटवर लागला आन् पंचकुलात ही दोन खोल्यांची जागा घेतली. नात इथंच वाढली. मराठी सगळं कळतं तिला, पण बोलते हिंदी. वाचता तर येतच नाही. आमच्या शेजारची पंजाबीण मोठ्या गळ्याची. जिन्यात नात दिसली की ओरडायची, "हाय नी, किन्नी सोहणी कुड़ी! वाह जी वाह!" मी दार लावून मीठ-मिरच्या उतरवायची आन् गॅसवर टाकायची. ती बाई खोकत दार वाजवायची, "बीजी, दाल सड़ गई आपकी!" करपली म्हणायचं असायचं तिला. दर वेळेला. सून म्हणायची, "आत्या, अहो एक दिवस ती फायर ब्रिगेड बोलवील." आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात.

मुलगा गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. नात तेव्हा शाळेत होती. त्याच्या किडन्या गेल्या. चंडीमंदिरच्या फौजी दवाखान्यात होता. तिथल्या नर्सांनी लई केलं त्याचं, ते बघूनच नातीनं हे काम धरलं. शेवटच्या दिवशी दुपारी सून घरी डबा आणायला गेली होती. आम्ही दोघंच होतो. मी त्याच्या पायाला तेल लावत होते. तो म्हणला, "आये."

मी म्हणलं, "काय रे?"

"मी बरा निघालो का गं?"

मला कळलं तो काय विचारतोय ते. पन्नाशीला आलेला माणूस, मिशा पिकलेल्या, आन् हे विचारतोय. माझ्या तोंडात आलं होतं. पण मला वाटलं, आता बोलले तर उरलाय तेवढा पण जाईल. मी म्हणलं, "गप पड. बोलू नको, दम लागतो."

तो गप पडला. चार वाजता गेला.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सुनेलाही नाही.

आता त्या दिवसाचं पुढं. मॅडम म्हणल्या, घरात कुणी म्हातारं माणूस आहे ना, त्यांना जपानी आजी करा. नात त्यांचं काहीतरी करील, आन् बोलील. नातीनं फोन माझ्याकडं फिरवला. मला म्हणली, "आजी, आप जापानी हो अभी. ठीक है?"

"आन् हे एवढं लांब नाक?" मी म्हणलं.

"नाक चलेगी."

तिनं माझे केस विंचरायला घेतले. विंचरता विंचरता म्हणली, "किरेई देस ने." म्हणजे किती सुंदर केस. मी आपली सवयीनं तोंडापुढं हात हलवला. म्हणलं, "कसलं काय, झाडूचे खराटे झालेत. गप."

फोनमध्ये मॅडम टाळ्या पिटायला लागल्या. नातीला म्हणल्या, अगं हेच करतात तिथं! कुणी कौतुक केलं की म्हाताऱ्या अशाच नाकापुढं हात हलवतात आन् म्हणतात ईए ईए, नाही हो नाही. "आजी तो पैदाइशी जापानी हैं! गड़बड़ तुझमें है."

सून म्हणली, "आता आत्यांचंच तिकीट काढा."

मग नातीनं माझा हात हातात घेतला, नखं कापायला. डाव्या तळव्यात माझ्या एक जुना खड्डा आहे, अंगठ्याखाली. ती नर्स, तिची नजर तिथंच गेली. "ये क्या है, आजी?"

म्हणलं, "खडी फोडताना दगडाची कपची घुसली होती. तुझ्या बापाच्या भरतीच्या दिवशी."

"भरती मतलब?"

मला आता वाटतं, त्या वेळेला मी जपानी म्हातारी होते म्हणून बोलले. एरवी बोलले नसते. मी सांगितलं, की तुझा बाप फौजेच्या भरतीला गेला तेव्हा त्याच्या पायात काही नव्हतं. एका मित्राचे बूट मिळाले होते, ते लहान झाले, म्हणून काढून टाकले आन् अनवाणी पळाला. मैदानात शेकड्यानं पोरं. त्यात पहिला आला. मी कामावर होते. तो तिथपर्यंत सांगायला पळत आला, रस्त्याच्या कडंनं, पायातून रक्त येतंय आन् हसतोय. लांबून ओरडला, आये, पहिला आलो! मी वर बघितलं आन् हातोडी चुकली, कपची उडाली, त्यात हे लागलं.

नात नखं कापायची थांबली होती.

"हेऽऽऽऽ!" ती म्हणली. "पापा फर्स्ट आए थे? नंगे पाँव?"

मॅडम फोनमधून ओरडल्या, "यही! यही चाहिए था! फिर से बोल!"

पण नात फिरून बोलली नाही. तिचं तोंड उघडंच राहिलं होतं. ती माझ्याकडं बघत होती आन् तिच्या डोळ्यातनं पाणी यायला लागलं. "आजी, मुझे किसी ने बताया क्यों नहीं?"

सुनेनं इस्त्री उभी ठेवली. ती म्हणली, "मला तरी कुठं माहीत होतं? मला ते म्हणायचे, कसाबसा घेतला फौजेत."

मला तेव्हा समजलं मी काय करून ठेवलंय. मी त्याला बोलले नाही ते एक. पण मी त्याचं कुणापाशीच चांगलं बोलले नव्हते. तोसुद्धा स्वतःबद्दल माझ्यासारखंच बोलायला शिकला. त्याच्या पोरीला बाप माहीत होता तो फक्त आजारी. नळी लावलेला.

नातीनं विचारलं, "फिर आपने क्या कहा पापा को? जब वो दौड़ के आए?"

मी म्हणलं, "पाय धू म्हणलं."

मॅडम लई समजदार बाई. त्यांनी नातीला सांगितलं, की आजीच्या तोंडून आज एक शब्द घे, सासुगा. त्याचा अर्थ, तुझ्याकडून हेच वाटलं होतं, हे तुलाच जमणार. आपलं माणूस काही मोठं करून आलं की म्हणतात.

नात म्हणली, "आजी, बोलो. पापा को बोलो."

मी म्हणलं, "नको."

"जापानी में बोलो ना. नज़र को जापानी थोड़ी आती है."

ती चेष्टेत म्हणली असेल. पण मला ते पटलं. खरंच, आमच्याकडची दृष्ट, उकिरड्यावरची, तिला जपानी कुठून येणार. मी भिंतीकडं बघितलं. तो तिथं मिशीत हसतोय. मी म्हणलं, "सासुगा."

नातीनं सांगितलं, श्वास घेऊन बोलो, बीपी मत पढ़ो. मी परत म्हणलं. मग अजून एकदा. सून पदर तोंडाला लावून आत गेली.

तिथून पुढं दोन महिने आमच्या घरात रोज जपानी चाललं. नातीनं पोळी गोल लाटली की मी सुगोई. सुनेनं नवा सूट घातला की किरेई. सुनेला पहिल्यांदा म्हणलं तेव्हा ती जागेवर उभी राहिली. लग्न होऊन पंचवीस वर्षं झाली, म्हणली, आन् आज ऐकते आहे, ते पण परदेशी. शेजारणीला पण मी जिन्यात सुगोई म्हणलं. ती म्हणली, "बीजी, गाली तो नहीं दी ना?" मिठाला, मिरचीला हात लावायची गरज राहिली नाही. आन् मी रोज नातीला तिच्या बापाचं एकेक सांगायची. ती हेऽऽ म्हणायची, खरं म्हणायची. मला आठवत होतं ते सगळं संपवलं मी.

फोनवरच्या मुलाखतीला मी दाराआड उभी होते. तिकडनं त्यांच्या आश्रमातल्या एका म्हातारीला समोर बसवलं होतं. तिनं विणलेलं काहीतरी दाखवलं. नात आधी बघत राहिली, मग हेऽऽ म्हणली, मग हळू काहीतरी बोलली, बहुतेक टाके किती सारखे आलेत ते. त्या म्हातारीनं नाकापुढं हात हलवला. अगदी माझ्यासारखा. मला तिथंच कळलं हिला घेतली.

ती गेली तो दिवस धुक्याचा होता. गाडीवाल्यानं सगळ्या वाटेनं हेडलाइट लावलेले. विमानतळाच्या दारापुढं आपल्याला जाऊ देत नाहीत, तिथं बाहेरच थांबलो. सून तिला धरून रडली. मी नाही रडले, मला ती सवय नाही. नात माझ्या पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आन् म्हणलं, "सासुगा ने."

ती वर उठली. म्हणली, "आजी, एक बार मराठी में बोलो ना."

मी तिच्या बॅगेचा पट्टा सारखा केला.

मग ती मराठीत म्हणली, अडखळत, "आजी, आपल्या भाषेत बोल. एकदा." तिनं बापासारखीच मान वाकडी केली होती.

मी तोंड उघडलं. देवाशपथ सांगते, उघडलं. शब्द तयार होता. पण समोर ती दोघं लेकरं आली, बारशातलं आन् नंतरचं, आन् हिला एवढं मोठं विमान, एवढा समुद्र ओलांडून जायचंय. मी म्हणलं, "स्वेटर वर ठेवलास का?"

"हाँ आजी," ती म्हणली. बॅग ओढत आत गेली. काचेतून एकदा दिसली, मग नाही दिसली.

आता दर रविवारी फोन येतो. तिथं ती एका म्हातारीला सांभाळते, नव्वदीच्या. तिला उठवते, न्हाऊ घालते, भरवते. नात सांगते की ती म्हातारी रोज सकाळी तिचा हात धरून म्हणते, तू किती चांगली आहेस, तुझे हात किती ऊबदार आहेत. तिला नाव आठवत नाही, पण हे म्हणते. मी म्हणते, बरं आहे. फोन ठेवला की मला दिवसभर दुसरं काही सुचत नाही. माझी नात, आन् तिला चांगलं म्हणायला समुद्रापलीकडची म्हातारी लागली.

मी फोनवर पण बोलून बघितलं. जपानी येतं. मराठीत जेवलीस का, एवढंच निघतं. सून म्हणते, "आत्या, मी सांगू का तुमच्या वतीनं?" म्हणलं, नको, माझं मला बोलायचंय. पण मला आता दम लागतो. पायावर सूज असते. मुलगा बरा होऊन घरी आला की बोलू म्हणून मी थांबले होते, तसं आता थांबायचं नाही. तोंडानं होत नाही, पण हातानं होतंय. म्हणून या चौकोनात लिहिते.

माझी नात लई गुणाची आहे. तिच्यासारखी पोर मी बघितली नाही. पाच वर्षांची असताना मी तापात पडले की माझ्या उशाशी पाण्याची वाटी घेऊन बसायची, तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिचे हात ऊबदार आहेत हे मला त्या जपानी बाईच्या आधी माहीत आहे. ती दिसायला सुंदर आहे, शेजारीण बोलायची ते खरं होतं. तिचा बाप पण चांगला निघाला. लई चांगला निघाला. मैदानातल्या सगळ्या पोरांत पहिला आला होता, आन् त्या दिवशी मी हातोडी टाकून उठायला पाहिजे होतं.

झालं लिहून. गॅसवर काही टाकलं नाही.

ही वही ज्याच्या हाती पडेल त्याला एवढंच सांगणं आहे. माझ्या नातीला मराठी वाचता येत नाही. वरचं एवढं तिला वाचून दाखवा. मोठ्यानं वाचा, मराठीतच. आधी श्वास घ्या, आन् बीपी वाचल्यासारखं वाचू नका.